ठेकेदाराच्या सायकलीलाही वहीत जागा हवी

गेल्या महिन्यात नगरच्या सावेडीतल्या माझ्या ऑफिसात एक फॅब्रिकेटर आला. नागापूर एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्यांत शेड, रेलिंग, पाइपलाइन अशी छोटी कामं तो घेतो. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि तळहाताने टेबलावर सपाट केला. नवी सायकल, किंमत १६,८०० रुपये. "साहेब, आता रोज केडगावहून सायकलनेच जातो. डॉक्टरांनीही सांगितलंय आणि पेट्रोलही परवडत नाही. ही खर्चात धरा."

कागदावर दुकानाचा जीएसटी नंबर नव्हता. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी फक्त 'रोख' लिहिलेलं होतं. पैसेही एकरकमी नोटांनी दिलेले. मला 'नाही' म्हणावं लागलं. धंद्यासाठी वस्तू घेताना एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले, तर तेवढी रक्कम आयकराच्या हिशेबात वस्तूच्या किमतीत धरली जात नाही. त्याने कागदाची पुन्हा घडी घातली आणि विचारलं, "आणि चारचाकी घेतली असती तर?" त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहितो आहे.

वीस वर्षं मी छोट्या ठेकेदारांची विवरणपत्रं भरतो. वायरमन, प्लंबर, एसी दुरुस्त करणारे, ड्रॉइंग काढून देणारे, लेबर पुरवणारे, सगळे माझ्याकडे येतात. माझे वडीलही रंगकामाचे ठेकेदार होते. सायकलच्या दांडीला शिडी बांधून ते भिंगारपासून बोल्हेगावपर्यंत कामाला जायचे. त्या काळी सायकलीवरच कर होता. नगरपालिकेत पैसे भरायचे आणि बिल्ला सायकलला लावायचा. वाहन यंत्रावर चालो वा पायावर, त्यावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे, त्यातलाच तो प्रकार. पुढे १९७२मध्ये कायनेटिकची लुना बाजारात आली. नगर-दौंड रस्त्यावर त्याच कंपनीचा कारखाना, त्यामुळे लुना नगरकरांना घरचीच वाटायची. पॅडल मारणारी माणसं हळूहळू पेट्रोलवर गेली. आता त्यातली काही परत सायकलवर येताहेत, तर त्यांना कायद्यात कुठे जागा आहे?

आहे, पण ती अर्धी आहे.

एकाच कंपनीच्या गेटमधून सकाळी दोन माणसं सायकलने आत जातात असं समजा. एक कंपनीचा कामगार, दुसरा ठेकेदार. कंपनीने कामगाराला घर ते कारखाना जाण्यायेण्यासाठी सायकल वापरायला दिली, तर ती सवलत त्याच्या पगारात मोजली जात नाही. १९६१च्या आयकर कायद्यात कलम १७मध्ये तसं स्पष्टीकरणच होतं, आणि तिथे शब्द मोटार नसून 'कोणतंही वाहन' असा होता. तीच सायकल कंपनीने ठेकेदाराला दिली, तर तो त्याच्या धंद्यातून मिळालेला लाभ ठरतो आणि उत्पन्नात धरावा लागतो. वर्षभरात असे लाभ वीस हजारांच्या वर गेले, तर कंपनीला त्यावर दहा टक्के टीडीएसही कापावा लागतो. गेट एकच, रस्ता एकच, पायातला घामही एकच. पण एकाला सूट आणि दुसऱ्याला कर.

स्वतःच्या पैशाने सायकल घेणाऱ्या ठेकेदाराचं काय? पूर्ण हिशेब ठेवणारा आणि जीएसटी नोंदणी असलेला ठेकेदार असेल, तर वाट आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १६,००० रुपयांच्या सायकलीवर ८०० रुपये कर. धंद्यासाठी घेतलेल्या मोटारीच्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेकांना मिळत नाही, पण सायकल मोटार वाहनात मोडत नाही. म्हणून त्या ८०० रुपयांतून खासगी वापराचा वाटा सोडून बाकीचं क्रेडिट घेता येतं. उरलेल्या १६,००० रुपयांवर दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे पहिल्या वर्षी २,४०० रुपये. त्या पहिल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्याच्या निम्मा. क्रेडिट घेतलेल्या करावर पुन्हा घसारा मागता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

एक मेख आहे. घर ते दुकान हा प्रवास खासगी धरला जातो. दुकानातून साइटवर, साइटवरून मटेरियल आणायला, तिथून बिल मंजूर करून घ्यायला कंपनीत, हा प्रवास धंद्याचा. म्हणून घसाराही तेवढ्याच वाट्याचा मिळतो. साध्या डायरीत रोजच्या साइटची नोंद ठेवली, तर हा वाटा दाखवता येतो.

पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण पूर्ण हिशेब ठेवतच नाहीत. ते अंदाजित उत्पन्नाच्या कलमात बसतात. बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के, आणि ड्राफ्ट्समनसारख्या व्यावसायिकांना ५० टक्के नफा धरायचा, विवरणपत्र भरायचं, झालं. ही चांगली सोय आहे, मी स्वतः ती सुचवतो. मात्र तिथे सगळा खर्च आणि घसारा आधीच वजा झाला असं मानतात. सायकल घेतली काय, न घेतली काय, आकडा तोच.

करातली बचत फार मोठी आहे असं मी कुणाला सांगणार नाही. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे पुष्कळांचा कर शून्यच येतो. खरी बचत पेट्रोलची. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, लिटरला पन्नासचं ॲव्हरेज आणि पेट्रोल शंभरच्या वर. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे हजारभर रुपये होतात. म्हणजे सोळा-सतरा महिन्यांत त्या फॅब्रिकेटरची सायकल फिटते.

मग मागणी कशासाठी? कर हा सरकारचा कल दाखवतो म्हणून. धंद्यात दहा लाखांची मोटार घेतली की घसारा, कर्जाचं व्याज, डिझेल, विमा, सगळं वहीत चढतं. 'चारचाकी घेतली असती तर?' याचं उत्तर हे. ब्रिटनने १९९९मध्ये कामाला जाण्यासाठी सायकल देणाऱ्या मालकांना आणि ती वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना करसवलत दिली, तिथेही स्वतंत्र काम करणारे त्या योजनेबाहेर राहिले. आपण तीच चूक करायला नको.

२०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तर आशयातही थोडी भर घालता येईल. १९९५पर्यंत पाच हजारांपर्यंतचं यंत्र पहिल्याच वर्षी पूर्ण खर्ची टाकता यायचं. ती तरतूद फक्त सायकलीपुरती, पंचवीस हजारांच्या मर्यादेने परत आणा. घर ते कामाची जागा हा सायकलवरचा प्रवास धंद्याचा माना. अंदाजित उत्पन्नात बसणाऱ्याला सायकलीसाठी ठरावीक रकमेची वेगळी वजावट द्या. कंपनीने ठेकेदाराला वापरायला दिलेल्या सायकलीला कामगाराच्या सायकलीचाच न्याय लावा. सरकारच्या तिजोरीला यातून खड्डा पडणार नाही.

ठेकेदार बांधवांनाही सांगणं आहे. हाताखालच्या पोरांसाठी सायकली घेणार असाल, तर फर्मच्या नावावर घ्या. पूर्ण हिशेब ठेवत असाल, तर घसारा तुम्हाला मिळेल आणि कामावर येण्याजाण्याच्या वापरापुरता पोरांवर कर बसणार नाही. स्वतःसाठी घ्याल तेव्हा पक्कं बिल मागा, त्यावर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या आणि ते बिल त्याच दिवशी फाइलला लावा. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण नुसतं 'रोख' लिहिलेल्या कागदाला कुठल्याच कायद्यात किंमत नाही.