'अंतरा'ची सुई आणि राहून गेलेलं वाक्य



मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणातली गाठ पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुप्पट आढळते. बहुतेकदा ती कॅन्सरची नसते. पण मेंदूवर दाब आला की नजर अधू होते, फिट्स येतात. यांतल्या बऱ्याच गाठींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर सापडतात. त्यामुळे आम्हा संशोधकांचा हॉर्मोन्सवर संशय जुनाच.

मार्च २०२४ मध्ये 'बीएमजे'त फ्रान्समधला मोठा अभ्यास आला. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत, ऑपरेशन करावं लागेल अशा मेनिन्जिओमाचा धोका ५.६ पट दिसला. (मुळात गाठ विरळा, म्हणून ५.६ पटीनेही आकडा लहानच राहतो. लेव्होनोर्जेस्ट्रेलच्या आययूडीत धोका वाढलेला दिसला नाही.)

हेच इंजेक्शन भारतात २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने, दर तीन महिन्यांनी, फुकट मिळतं. घरात कुणाला न कळता घेता येतं. ही मोकळीक फार मोलाची आहे, ते बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण धोका सांगितला तर बायका घाबरून येणार नाहीत, असं आपल्यातलेच पुरोगामी लोक म्हणतात तेव्हा मला चीड येते. पाच मुलांचा संसार ओढणारीला एक आकडा झेपणार नाही? तिसऱ्या महिन्याला ती नर्ससमोर बसतेच. डोकं सतत दुखतं का, दिसायला अंधुक झालंय का, पूर्वी अशी गाठ होती का, एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

सोप्या मराठीत एक पानाचं माहितीपत्रक करावं म्हणते. आपल्यातल्या डॉक्टरांनी मसुदा तपासून द्याल का?