वीस मिलिग्रॅमचा प्रश्न कोणी विचारला?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक ट्रायल झाली. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०२२ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त मांडले. शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने बरं होण्याची आशा संपलेले हे रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन गोळ्या, ज्या गरिबाला त्यातल्या त्यात झेपतात. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के निघालं, दुसऱ्या गटात ४३.४ टक्के.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले, ते २० या आकड्यामुळे. या औषधाचा ठरलेला डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असा आहे. सहा आठवड्यांचा हिशेब करा. ठरलेल्या डोसने ७२० मिलिग्रॅम लागतात, टाटाच्या डोसने ४०. म्हणजे अठरावा हिस्सा. एरवी एका माणसाच्या पूर्ण उपचारात शेत आणि घर दोन्ही जातं, तिथे ही रक्कम निदान विचार करण्याजोगी होते.

इम्युनोथेरपी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या शरीरातल्या टी-पेशी रोगट पेशींना मारतात, पण त्यांना एक ब्रेक असतो, नाहीतर त्या आपल्याच अवयवांवर चालून जातील. कर्करोगाच्या गाठी नेमका हा ब्रेक दाबून धरतात. जपानच्या तासुकू होन्जो यांनी पीडी-१ नावाचा असा एक ब्रेक शोधला आणि २०१८ चं नोबेल अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत मिळवलं. निवोलुमॅब त्या ब्रेकवरचा गाठीचा पाय काढतं. सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं की अगदी थोड्या औषधानेही पीडी-१ च्या बहुतेक जागा भरून जातात. मग बाकीचं औषध कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडावा असाच होता.

पण तो विचारणार कोण? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. शंभर लायसन्स विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला आपणहून कधी म्हणत नाही की तुमचं काम सहात भागेल. औषध कंपनीकडून तरी ती अपेक्षा का करावी? कमी डोसची ट्रायल करून तिचा धंदाच कमी होणार. हा प्रश्न विचारला सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयाने, कारण त्यांच्या दारात रोज उभा राहणारा माणूस पूर्ण डोस घेऊच शकत नव्हता. भारतातल्या पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो, आणि तंबाखू, गुटखा, मिश्री हे व्यसन कोणत्या वस्तीत जास्त आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आपल्या गल्लीत जमातीच्या बैठकीत चहा झाला की पुडी निघतेच.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उभ्या केलेल्या कार-टी पेशी उपचाराचीही हीच कथा. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून परत देण्याचा हा उपचार परदेशात कोटींमध्ये जातो. 'नेक्सकार १९' या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मंजुरी मिळाली, तीही आधी इथल्या रुग्णांवर ट्रायल झाल्यामुळेच. किंमत अजून तीस-चाळीस लाखांच्या घरात आहे, म्हणून मी तरी त्याला स्वस्त म्हणणार नाही.

आता यातली अवघड बाजू. टाटाच्या ट्रायलमध्ये पहिल्या गटाला इम्युनोथेरपी मिळालीच नाही. पूर्ण डोसशी तुलनाही झाली नाही. त्यामुळे ती एवढंच सिद्ध करते की थोडं औषध अजिबात नसण्यापेक्षा खूप बरं. थोडं आणि पूर्ण सारखंच, हे ती सिद्ध करत नाही. या ट्रायलला दोष देणारे म्हणतात, श्रीमंत देशात असा पहिला गट ठेवू दिला असता का? टीका बिनबुडाची नाही. पण ट्रायल नसती तर त्या १५१ जणांतल्या जवळजवळ सगळ्यांना पहिल्या गटातलेच उपचार मिळाले असते, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांनाही. मला ही ट्रायल योग्य वाटते. अट एकच: आत आलेल्या प्रत्येकाला हे सगळं कळलेलं असलं पाहिजे.

महाराष्ट्रात ही अट नेहमी पाळली गेली असं नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ५२ गावगट, १,३१,७४६ बायका. निष्कर्ष २००९ साली आले: एचपीव्ही चाचणी एकदा केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. ज्या ३१,४८८ बायकांची तपासणीच केली नाही, त्यांच्यातल्या ६४ जणी या आजाराने गेल्या. निष्कर्ष जगाच्या कामी आला. आपण तपासणी नसलेल्या गटात आहोत याचा अर्थ त्या बायकांना कितपत समजला होता, यावरून पुढे बराच वाद झाला. त्याच सुमारास आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देताना संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. म्हणून मोहल्ल्यात कोणी 'आमच्यावर प्रयोग करतात' म्हणालं, तर त्याला अडाणी ठरवण्याची घाई आपण करू नये.

मी कोयनानगरचा. प्रयोग म्हणजे काय ते आमच्या खोऱ्याला ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर इथल्या जमिनीखाली काय चाललंय हे जगभरचे शास्त्रज्ञ तपासत आलेत. गोठण्याला तर ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. आणि धरणासाठी ज्यांची गावं उठली त्यांची नातवंडं अजून कागद घेऊन मोर्च्यात बसतात. वीज गेली मुंबईला. आपण दिलं काय, आपल्याला मिळालं काय आणि कागदावर काय लिहिलं होतं, हे तीन प्रश्न इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.

तरीही आज माझी तक्रार उलटी आहे. आमच्या भागातल्या माणसाला ट्रायलमध्ये ओढून नेलं जातं, असं दिसत नाही. त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. देशातली प्रत्येक ट्रायल आयसीएमआरच्या सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवावी लागते. २००७ साली ती सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. कोणीही फुकट पाहू शकतं: कोणत्या आजाराची ट्रायल, कोणत्या शहरात, भरती सुरू आहे की बंद, कोणाला घेतात, कोणाला नाही. पण सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत.

गेल्या वर्षी माझ्या नात्यातल्या एका मामूंना एका ट्रायलबद्दल विचारलं गेलं. त्यांच्या मुलाने फॉर्मचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. फॉर्म मराठीत होता, कायद्याच्या दृष्टीने चोख. पहिल्याच पानावर 'यादृच्छिक पद्धतीने विभागणी' असे शब्द. मी फोनवर घरच्या बोलीत सांगितलं की चिठ्ठी उचलतील, जे निघेल ते औषध. मागून मामी म्हणाली, "म्हणजे कुठलं औषध बरं ते डॉक्टरलाबी म्हाईत नाही?" एकोणीस पानांत जे कुठे नीट सांगितलेलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात पकडलं. माहीत नसतं, म्हणून तर ट्रायल करतात. तिला ते पटलं, मामूंनाही पटलं. पण बायोप्सीचा अहवाल, स्कॅन, पुन्हा रक्त, प्रत्येक वेळी कोयनानगरहून पाटण, कराड आणि तिथून रात्रीची गाडी. या खेपांमध्ये ते अंथरुणाला खिळले. अशा बहुतेक ट्रायलमध्ये हिंडता-फिरता माणूसच घेतात, आणि त्या अटीत ते बसेनात. दोन महिन्यांनी गेले.

मामी फॉर्मच्या शेवटच्या पानावर अडली होती तेही सांगतो. त्यात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं असतं. हे कशाला हवं, म्हणून तिला भीती वाटली. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांत हे रकाने दिले आहेत, आणि कारण साधं आहे: ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची ते ठरावं. त्याच नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात. मधेच कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो. ट्रायलसाठी लागणारा जादा खर्च रुग्णाकडून घेऊ नये, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणून 'ट्रायलचं औषध आहे, एवढे भरा' असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं. आणि बाईच्या फॉर्मवर नवऱ्याची सही चालत नाही. ती शुद्धीत असेल तर सही तिचीच. आपल्या घरांत हे मोठ्याने सांगायची गरज आहे.

आता जमातीच्या पैशाबद्दल. दर रमजानमध्ये कोणाच्या तरी बिलासाठी जकात आणि वर्गणी गोळा होते. इम्युनोथेरपीची चिठ्ठी आली की लोक जीव तोडून पैसे जमवतात, दोन किंवा तीन डोस होतात आणि मग हात आखडतात. अर्ध्यावर थांबलेल्या उपचारात लाखो रुपये जातात. माझं म्हणणं असं की त्याच पैशातला एक भाग प्रवासभाडं आणि परळजवळच्या मुक्कामासाठी वेगळा ठेवावा. आणि बिल हातात घेण्याआधी रुग्णाच्या डॉक्टरला दोन गोष्टी विचाराव्यात: या आजारासाठी कमी डोसचा पर्याय लागू पडतो का, आणि कुठे ट्रायल सुरू आहे का. निर्णय डॉक्टरचाच, टाटाचे आकडे डोक्या-मानेच्या कर्करोगाचे आहेत, ते फुप्फुसाला किंवा स्तनाला तसेच लावता येणार नाहीत. विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आहेत. औषध दिल्यावर दर तीन आठवड्यांनी करायची तपासणी मिरज, कराड, कोल्हापूर इथे होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक वेळी परळ कशाला? सीटीआरआयच्या प्रत्येक नोंदीखाली साध्या मराठीत, हिंदीत, उर्दूत दहा ओळी टाकणं हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने किरकोळ काम आहे, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. ओळी लिहिणारा माणूस नेमावा लागेल, एवढंच.

तोवर पाटण-कराडच्या प्रत्येक जमातीत एखादा फार्मासिस्ट, एखादी नर्स, पुण्यात नोकरी करणारा एखादा इंजिनिअर आहेच. चालू भरतीच्या नोंदी महिन्यातून एकदा पाहायच्या, त्यातल्या आपल्या भागाला जवळच्या असतील त्या मराठीत उतरवून मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायच्या. कोणाच्या घरी फॉर्म आला तर सहीच्या आधी एक संध्याकाळ तिथे जाऊन तो बोलीत वाचून दाखवायचा, बायकांच्या समोर, त्यांचे प्रश्न लिहून घेत. ते प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे.