डंपरची खडी आणि बर्फावरची विमाने

अलास्का-कॅनडाकडे चाके आणि स्की दोन्ही लावलेली छोटी विमाने असतात. डेनाली शिखरावर जाणारे गिर्यारोहक अशाच विमानाने कहिल्टना हिमनदीवर उतरतात. बर्फावर स्की, जमिनीवर चाके. पण तिकडच्या आडगावांत धावपट्ट्या पुष्कळदा खडीच्याच. पंखा जोरात फिरू लागला की खालचे खडे वर ओढले जातात, पात्याला खाचा पडतात आणि अशा खाचेतूनच पुढे तडा जातो. चाकांनी उडवलेले खडे शेपटीवर आदळतात ते वेगळेच. म्हणून वैमानिक खडीवर उभे राहून इंजिन रेटत नाहीत. विमान चालू लागले की हळूहळू जोर वाढवतात. बोइंगने तर आपल्या ७३७-२०० साठी खास सरंजाम काढला होता. पुढच्या चाकामागे खडे अडवणारी फळी, आणि इंजिनाच्या तोंडाशी खाली हवा फुंकणारी नळी!

तुम्ही म्हणाल, मुळशीत बसून गुरुजींना हे कुठून सुचले? तर आमच्या पौड रस्त्यावरून. भूगाव, पिरंगुट, पौड, पुढे ताम्हिणी. डंपर वळणावर कलला की फाळक्याच्या फटीतून खडी सांडते, आणि मागून येणारा दुचाकीवाला तिच्यावरून घसरतो. पावसाळ्यात ताम्हिणीला निघालेली पोरे तर रस्त्याकडे बघतच नाहीत.

फरक कुठे आहे, तर विमानाने उडवलेला खडा त्याच विमानाला लागतो. म्हणून तिथे काळजी आपसूक घेतली जाते. डंपरची खडी डंपरला कधीच लागत नाही, लागते ती मागच्याला. मग ताडपत्री बांधायला वेळ कोण घालवणार? ड्रायव्हरला खेपांवर पैसे मिळत असतील, तर त्याला तरी काय बोलावे!

खडी नको असे मी म्हणत नाही. आपली घरे तिच्यावरच उभी आहेत आणि क्रशरवर गावची माणसे कामाला आहेत. पण रस्त्यावर पोलीस उभा करून हे सुटायचे नाही. तो एका वळणावर असतो, खडी दुसऱ्या वळणावर सांडते. गाडी जिथे भरते त्या क्रशरच्या फाटकावरच अडवावी. फाळका घट्ट नाही, ताडपत्री नाही, तर पावती नाही. आणि त्या रस्त्यावर सांडलेली खडी रोज झाडून घेण्याचा खर्च क्रशरमालकांनी वाटून घ्यावा. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची हरकत असेल, तर त्याने ती तिथेच सांगावी.