शिकायला जुनीच बरी!

चिरंजीवांना मोटारसायकल घ्यायचं ठरलं आणि अख्ख्या आळीने मला एकच मंत्र दिला, "शिकायला जुनीच बरी हो! पडली तरी हळहळ नाही." हळहळ गाडीची, पोराची कोणी काढली नाही!

मी म्हणतो, जुनी जरूर घ्या, पण मोडकी का? उस्तादाचा ब्रेक गेला तर तो गियर उतरवत थांबेल. नवशिक्याला ते सुचेपर्यंत समोर म्हैस आलेली असते. सरकारनेसुद्धा 2019 पासून नव्या छोट्या गाड्यांना जोडब्रेकाची किंवा एबीएसची सक्ती केली, ती काय उस्तादांसाठी?

पहिली पाहिली ती 100 सीसीची. विकणाऱ्या गृहस्थांनी इंजिन आधीच तापवून ठेवलेलं. थंड गाडीला किती किका लागतात ते कळायला नको! टायर माझ्या टकलासारखे. नोंदणीच्या 15 वर्षांपैकी 14 सरलेली. ब्रेकचं विचारलं, तर म्हणाले, "सवय झाली की लागतो."

अहो, सवय व्हायलाच तर घेतोय!

शेवटी चार हजार जास्त मोजून दुसरी घेतली, वर नवे टायर, नवे ब्रेक शू. आळीने मला वेड्यात काढलं. परवा चौकात कुत्रं आडवं आलं. गाडी जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या माझा चष्मा तेवढा पुढे गेला.