ओल्या लाकडातल्या पाण्याचे पैसे कोण भरतं? बेकऱ्यांच्या भट्ट्या बदलताना वखारीचं गणित

जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या हवेबद्दलच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हापासून पाव महागणार का, इराणी बेकरीतल्या ब्रुनची चव बदलणार का, यावर भरपूर बोललं गेलं. त्या भट्ट्यांना लाकूड पुरवणाऱ्या वखारींचा विषय मात्र कडेलाच राहिला.

खरं तर या सगळ्या वादाचं मूळ वखारीतल्या वजनकाट्यावर सापडतं. आपल्याकडे जळाऊ लाकूड किलोवर विकलं जातं. किलोवर विकल्या जाणाऱ्या लाकडात पाणीही तोललं जातं, आणि त्या पाण्याचा भाव लाकडाइतकाच असतो.

एका टनाचा हिशेब

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या साधारण निम्मं पाणी असू शकतं. झाडाच्या जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्त होतं, पण हिशेबासाठी निम्मं धरू. म्हणजे एक टन ओल्या लाकडात 500 किलो लाकूड आणि 500 किलो पाणी.

हेच लाकूड फोडून, रचून, उन्हावाऱ्यात सुकवलं आणि ओलावा 20 टक्क्यांवर आणला, तर त्याचं वजन 625 किलो भरतं. 375 किलो माल कुणीही न चोरता हवेत उडून जातो. व्यापारी याला 'घट' म्हणतात.

आता उष्णता पाहू. इतक्या सुकलेल्या लाकडातून किलोमागे साधारण 3,500 किलोकॅलरी मिळतात. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून जेमतेम 2,000, कारण आगीची बरीचशी ताकद आधी ते पाणी उकळून वाफ करण्यातच जाते. गुणाकार केला तर ओल्या एक टनातून सुमारे 20 लाख किलोकॅलरी मिळतात आणि सुकलेल्या 625 किलोतून जवळपास 22 लाख. वजन पावणेचारशे किलोंनी कमी, आणि तरी आच जास्त!

समजा, भाव किलोला 8 रुपये आहे (हा आकडा फक्त उदाहरणापुरता). ओला टन विकणाऱ्याच्या हातात 8,000 रुपये येतात. तोच माल सुकवून त्याच भावाने विकणाऱ्याला 5,000 रुपयेच मिळतात. ओल्याइतके पैसे यायचे तर सुक्या लाकडाचा भाव 12 रुपये 80 पैसे हवा, आणि सुकवण्याचा खर्च त्यात अजून धरलेलाच नाही.

गंमत म्हणजे 12.80 रुपयांचं सुकं लाकूडही गिऱ्हाइकाला 8 रुपयांच्या ओल्यापेक्षा स्वस्तच पडतं. ओल्यात रुपयाला 250 किलोकॅलरी मिळतात, सुक्यात सुमारे 273. पण पाटीवर 8 आणि 12.80 असे दोन आकडे शेजारी लिहिले, तर लोक कुठल्या वखारीत शिरतील हे सांगायला नको.

मग वखारवाला लाकूड सुकवत का नाही?

कारण बाजार त्याला त्याचे पैसे देत नाही. सुकवायला जागा लागते, आणि मुंबई-ठाण्यात जागा लाकडापेक्षा कितीतरी महाग आहे. पावसाळ्यात वर पत्रा हवा. फोडलेलं लाकूड लवकर सुकतं, अख्खा ओंडका महिनोन्‌महिने आतून ओलाच राहतो, म्हणून फोडणीची मजुरी आधीच भरावी लागते. माल पडून असेपर्यंत भांडवलही अडकून पडतं. लहान वखारवाला बहुतेकदा उधारीवर माल उचलतो, त्याला महिनोन्‌महिने वाट पाहणं परवडत नाही.

शिवाय त्याचा माल वखारीत येईपर्यंतच अनेक हात बदलतो. शेताच्या बांधावरची बाभूळ, सुबाभूळ किंवा जुना आंबा विकत घ्यायचा, तोडणी, भरणी, टेम्पोचं भाडं, उतरवणी. काही जातींची झाडं तोडायला 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते, शहरांत 1975 चा वेगळा कायदा आहे, आणि अनेक जातींच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो. यातला जवळपास प्रत्येक खर्च माल ओला असतानाच्या वजनावर होतो. टेम्पोवाला भाडं घेताना पाणी वजा करत नाही.

भंगार लाकडाने बाजी मारली ती इथेच

मुंबईतल्या बेकऱ्यांत फक्त ओंडके जळत नव्हते. जुनं फर्निचर, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या असं भंगार लाकूडही मोठ्या प्रमाणावर भट्टीत जात होतं. ते स्वस्त असतं हे एक कारण. दुसरं कारण असं की ते आधीच सुकलेलं असतं. किलोवर घेतलं तरी त्यात पाण्याचे पैसे जात नाहीत, आणि पहाटे भट्टी पटकन तापते.

पण प्लायवूडमध्ये गोंद असतो, फर्निचरवर रंग, पॉलिश, लॅमिनेट असतं. ते जळल्यावर निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा घातक. ओलं लाकूडही नीट न जळता जास्त धूर आणि काजळी सोडतं. म्हणजे बेकरीवाल्यापुढे एकीकडे महागात पडणारा ओला ओंडका होता आणि दुसरीकडे स्वस्त, सुकं, विषारी भंगार. नीट सुकवलेलं स्वच्छ लाकूड या बाजारात सहज मिळायलाच हवं होतं, पण ते विकणाऱ्याला तोटा होत होता.

धूर करणाऱ्या भट्ट्या दाट वस्तीत असतील तर तिथे राहणाऱ्यांच्या फुप्फुसांची बाजू घ्यावीच लागते. त्यामुळे आदेशाबद्दल तक्रार करण्यात फार अर्थ नाही. प्रश्न इतकाच की ओलाव्याकडे कधी कुणी पाहिलंच नाही.

इंग्लंडने काय केलं?

इंग्लंडमध्ये घरातल्या शेगडीसाठीचं लाकूड सहसा घनमीटरवर विकलं जातं. मापाने विकलं की ओलाव्याचा फायदा विक्रेत्याला मिळत नाही, पण दुसरी पळवाट निघते: हलकं लाकूड द्यायचं, किंवा सैल रचून ढीग मोठा दाखवायचा. किलोमागे उष्णता सगळ्या लाकडांत जवळपास सारखीच असते, पण पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ढीग आणि बाभळीचा तेवढाच ढीग यांत मोठा फरक पडतो.

1 मे 2021 पासून तिथे नियम आला की 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर त्यात ओलावा 20 टक्के किंवा त्याहून कमी असला पाहिजे आणि तसं प्रमाणपत्र हवं. त्याहून मोठ्या खरेदीत ओलं लाकूड देता येतं, पण ते कसं सुकवायचं याची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. लहान विक्रेत्यांवर प्रमाणपत्राचा खर्च पडला हे खरं. पण सुकवणाऱ्याला ओलं विकणाऱ्याशी भावात झगडावं लागणं बरंच कमी झालं.

गॅसशी तुलना करताना

19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये साधारण 2 लाख किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे 60 किलो सुकं लाकूड, किंवा 100 किलोच्या वर ओलं. वरच्या उदाहरणातल्या भावाने लाकडाचा खर्च 770 ते 840 रुपयांच्या आसपास येतो. 2025 मध्ये मुंबईत हा सिलिंडर साधारण दीड हजार ते पावणेदोन हजार रुपयांना होता. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के आहे. पावावरही जीएसटी नाही, त्यामुळे पावापुरती बेकरीवाल्याला गॅसवरच्या कराची वजावट मिळत नाही.

तरी ही तुलना कागदावरची आहे. लाकडाच्या भट्टीत बरीच उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून वाया जाते, गॅसच्या ओव्हनमध्ये कमी. लाकूड साठवायची जागा, राख उपसणं, पहाटे भट्टी पेटवणारा माणूस हे खर्चही सुटतात. फरक कमी होतो, पण नवा ओव्हन घ्यायला एकरकमी पैसे लागतात, आणि लहान बेकरीवाला तिथे अडतो.

आता गिऱ्हाईक कोण?

बेकऱ्या गेल्यावर वखारीसाठी उरतात लग्नकार्यातले आचारी, गुऱ्हाळं, शहराबाहेरचे ढाबे आणि स्मशानभूमी. एका पारंपरिक चितेला 300 ते 400 किलो लाकूड लागतं, त्यामुळे ही मागणी मोठी आहे. पण तिथेही पुरवठा किलोवर मोजला, तर पावसाळ्यात ओलं लाकूड येणार, चिता नीट पेटणार नाही आणि जास्तीचं लाकूड मागवावं लागणार. भरलेलं वजन पाण्याचं होतं की लाकडाचं, हे तपासायला ओलावा मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र पुरतं. लाकूड मधोमध फोडून आतल्या बाजूला त्याच्या सुया टोचायच्या, कारण वरची साल लवकर सुकते आणि आकडा फसवा दाखवते. यंत्र नसेल तर दोन फाटे एकमेकांवर आपटून पाहायचे. सुकलेलं लाकूड टणटणीत वाजतं, त्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात. ओल्याचा आवाज बद्द येतो.