राहिलेल्याचा हिस्सा

अमेरिकेतल्या विद्यापीठांचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्यामुळे उन्हाळा लागला की आपल्याकडे घराघरांत एकच विषय असतो: फी किती, कर्ज किती, नोकरी लागली तर पगार किती आणि कर्ज फिटणार कधी. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही याच आकड्यांची बेरीज-वजाबाकी असते. लिहिणारे बहुतेक आईवडील असतात आणि त्यांनी चौकशी अगदी कसून केलेली असते. तरीही या हिशेबात एका माणसाचं नाव मला क्वचितच सापडतं. दोन मुलांपैकी एक जाणार आहे, मग जे इथे राहणार आहे त्याचं काय?

परदेशी जाण्याचे फायदे-तोटे आपण एकाच माणसाच्या नावावर मांडतो. घरात मात्र ते दोघांत वाटले जातात. फायद्याचा मोठा भाग जाणाऱ्याकडे जातो, आणि तोट्यातला बराचसा भाग कुणीही न विचारता मागे राहिलेल्याच्या पदरात पडतो. म्हणून हा हिशेब घराने एकत्र बसून, राहणाऱ्याच्या तोंडावर करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. फायदे खरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यातला सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला आणि पैसे पाठवणाऱ्या देशांत अमेरिका पहिली होती. या आकड्यांमागे फिटलेली कर्जं आहेत, वेळेवर झालेली ऑपरेशनं आहेत, धाकट्या बहिणींची शिक्षणं आहेत. संशोधनाची ओढ असलेल्या मुलाला तिकडच्या प्रयोगशाळेत जे मिळतं ते इथे मिळत नाही. कित्येक मुलींना आपल्या मनासारखं जगण्याची पहिली संधी परदेशात मिळाली, आणि त्याचं मोल पैशात होत नाही.

जाणाऱ्याचे तोटेही आता बऱ्यापैकी माहीत झाले आहेत. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे एच-वन-बी व्हिसे वर्षाला ८५ हजार, आणि त्यांच्यासाठी लॉटरी. नोकरीच्या मार्गाने मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. भारतीयांची रांग त्यामुळेच इतकी लांबली की २०२५ च्या अखेरीस मुख्य गटांत २०१३ मध्ये रांगेत लागलेल्यांची पाळी चालू होती. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. तिथे पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात. त्यावरचं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नसल्याने सात-आठ वर्षांनी परतणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच येत नाही. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान या देशांशी आपला असा करार आहे. देश निवडताना ही गोष्ट कुणी विचारतच नाही, ती विचारावी.

हे सगळं जाणाऱ्याचं झालं. आता राहणाऱ्याकडे येतो.

मिरजेतलं एक घर मी जवळून पाहिलं आहे. थोरला मुलगा न्यू जर्सीत, धाकटा गावातच औषधांच्या एजन्सीत. वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. प्रत्येक खेपेला चार तास, शिवाय जाणं-येणं आणि नंबर लागेपर्यंत थांबणं. धाकट्याची बायको एका पतसंस्थेत होती, तिने नोकरी सोडली. तिने एक वही केली होती. त्यात डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन आणि दिवसभरात किती पाणी प्यायले याची नोंद असायची. सासऱ्यांच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी केलेला फिस्टुला होता. त्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्या हाताने पिशवी उचलू द्यायची नाही. रोज सकाळी चहाच्या आधी ती त्या जागी बोटं टेकवायची आणि आतली बारीक थरथर लागते का ते बघायची. थरथर थांबली तर रक्ताची वाट बंद झाली, मग त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे तिला तंत्रज्ञाने एकदा दाखवलं होतं. पुढे वडील गेले तोपर्यंत तिची एक सकाळ चुकली नाही.

थोरला मुलगा वाईट नव्हता, हे आवर्जून सांगतो. दवाखान्याचा खर्च बव्हंशी तोच करत होता आणि रोज रात्री फोन करत होता. तो येऊ मात्र शकत नव्हता. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. इथे आलं की नव्या शिक्क्यासाठी वकिलातीची तारीख मिळवायची, आणि ती लांबली तर तिकडची नोकरी धोक्यात. ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या कितीतरी मुलाखती महिनोन्महिने पुढे गेल्या आणि घरी भेटीला आलेली माणसं इथेच अडकली. त्याआधी करोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये थांबलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. मधली दोन वर्षं मोजक्या खास विमानांवर भिस्त होती, आणि आईवडिलांचे अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहावे लागलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. जाणारा पैसे पाठवू शकतो, पण हजर राहणं दर वेळी त्याच्या हातात नसतं. ते हजर राहणं मग दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागतं.

ते करण्यात काय काय येतं, हे जाणाऱ्याला खरंच ठाऊक नसतं. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला. बोटांचे ठसे म्हातारपणी झिजतात, यंत्र ते घेत नाही, मग बँकेत पुन्हा चक्कर. सोसायटीची सभा, घरपट्टी, मेडिक्लेमची कागदपत्रं, गावाकडच्या सातबाऱ्यावरची नोंद. रात्री दोनला न्हाणीघरात पडलेल्या आईला उचलणं. त्यातून मुलाची दहावी आणि स्वतःची पाठदुखी. आणि हे सगळं करणाऱ्याच्या घरी पाहुणे आले की आईवडील ओळख करून देतात ती आधी परदेशातल्या मुलाची. फोटो दाखवले जातात तेही तिकडच्या घराचे. यात आईवडिलांचा काही दुष्टावा नसतो, लांबच्या लेकराची आठवण जास्त येते इतकंच. पण शेजारच्या खोलीत औषधाच्या गोळ्या वेगळ्या काढणाऱ्या माणसाला ते ऐकू येतं.

बढतीसाठी बदली नाकारलेली, पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावी परतलेली, लग्न लांबवलेली माणसं मी बघतो. लग्न होऊन त्याच शहरात राहिलेल्या मुलींचं तर विचारूच नका. दोन्ही घरची म्हातारी माणसं त्यांच्याच अंगावर असतात. परदेशी गेलेल्याच्या पगाराला आकडा आहे. यांनी सोडून दिलेल्या पगाराचा आकडा कुठेच लिहिला जात नाही.

कायदाही तो लिहीत नाही. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते. वारसाचं नागरिकत्व बदललं असलं तरी त्याचा वाटा जात नाही. परदेशी नागरिक झालेल्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने ती मिळू शकते. हे योग्यच आहे. पण ज्या सुनेने रोज सकाळी ती थरथर तपासली, तिचं नाव नवरा जिवंत असताना सासऱ्यांच्या वारसांत येत नाही. कायदा नातं बघतो, कष्ट बघत नाही. तसे ते कायद्याला मोजताही येणार नाहीत, म्हणून ते घरानेच मोजायला हवेत.

२००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण त्यात ठरवून दिलेली निर्वाह रक्कम महिन्याला १० हजारांच्या वर जात नाही, मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं की या कायद्याचा आधार आणखी पातळ होतो, आणि भावंडांमधल्या कष्टांच्या वाटणीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मिरजेच्या घरी पुढे काय झालं तेही सांगतो. घर वडिलांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. म्हणजे आई आणि दोन मुलगे असे तीन समान हिस्से. थोरला स्वतःहून म्हणाला, माझा हिस्सा धाकट्याला देतो. त्यासाठी हक्कसोडपत्र करायचं, ते इथे नोंदवायचं आणि त्याला येता येत नाही, म्हणून मुखत्यारपत्र. ते त्याने वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तेराव्यानंतरच्या धांदलीत पाकीट कपाटात राहिलं, मुदत टळली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. त्या दिरंगाईत दोन्ही जावांमध्ये जो शब्दाला शब्द झाला, तो अजून पुसलेला नाही. देणाऱ्याची नियत साफ होती, घेणाऱ्याचा हक्क खरा होता. वडिलांनी आयुष्यभर सगळ्या पावत्या जपल्या, पण ही एक गोष्ट लिहून ठेवली नाही.

म्हणून मी पत्र लिहिणाऱ्या आईवडिलांना सांगतो की शैक्षणिक कर्जाची सही करण्याआधी दोन्ही मुलांना समोर बसवा. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि ते तारण म्हणजे बहुतेक वेळा तेच घर असतं ज्यात दुसरं मूल राहणार आहे. त्याला विचारल्याशिवाय ते गहाण टाकू नका. कागदावर तुमचंच नाव असेल, पण हप्ते थकले तर बँकेचा माणूस त्याच्या दारात उभा राहील.

जाणाऱ्याने पहिल्या पगारापासून राहणाऱ्याच्या खात्यावर दरमहा ठरावीक रक्कम टाकावी. आईवडिलांच्या औषधपाण्याचे पैसे वेगळे, हे वेगळे. हे त्याच्या वेळेचे आणि सोडलेल्या संधीचे आहेत. भावाने बहिणीला किंवा बहिणीने भावाला दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे तीही सबब नको. आणि वर्षातली रजा लग्नसराई बघून घेण्यापेक्षा राहिलेल्याला विचारून घ्यावी. त्याच्या कुटुंबाला पंधरा दिवस कुठे जायचं असेल तर त्या पंधरा दिवसांत आईवडिलांजवळ राहायला यावं. व्हिसा अडवत असेल तर तेवढ्या दिवसांची परिचारिका ठेवण्याचा खर्च उचलावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आईवडिलांची सेवा काय पैशात मोजायची? भावाभावांत हिशेब आला की प्रेम जातं. हा आक्षेप मी बारकाईने ऐकत आलो आहे आणि तो घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा काम करणारी नसते, असा माझा अनुभव आहे. प्रेम हिशेबाने जात असतं तर मिरजेच्या घरात ते टिकायला हवं होतं, कारण तिथे कुणी हिशेब केलाच नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. राहिलेला प्रत्येक जण त्यागमूर्ती नसतो. काही जण आईवडिलांच्या पेन्शनवर जगतात, काही जण घर बळकावतात. खरं आहे. म्हणून तर सगळं उघड आणि लेखी हवं. हयातीतच घर मुलाला द्यायचं असेल तर आपल्या राज्यात राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण त्या बक्षीसपत्रात आपल्या सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत घाला. ती अट लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

घर हयातीत देऊ नये असं ज्यांना वाटतं, आणि मलाही बहुतेकांच्या बाबतीत तेच बरं वाटतं, त्यांनी मृत्युपत्र करावं. स्वकष्टार्जित मिळकतीत कुणाला कमी, कुणाला जास्त द्यायचं हा तुमचा अधिकार आहे. जास्त देणार असाल तर का देता ते दोन ओळींत लिहा, म्हणजे लांबच्या मुलाला ते तुमच्याच शब्दांत वाचायला मिळेल. सुनेला द्यायचं असेल तर तिचं नाव लिहा, कारण तुम्ही लिहिल्याशिवाय तिला काही मिळणार नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. तुमची सही आणि तुमच्या देखत सही करणारे दोन साक्षीदार लागतात. ज्यांचं मूल या ऑगस्टमध्ये जाणार आहे त्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढं करून टाकावं.