पुस्तक हिसकावू नका, त्यावर बोला

शाळेतून आलेली नात मोबाइलवर काहीतरी वाचण्यात गढून जाते आणि आपण जवळ गेलो की चटकन तो पालथा ठेवते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आई-वडील कामावर गेलेले असतात आणि दुपारभर घरात आजी-आजोबाच असतात. त्यामुळे ती काय वाचते, हा प्रश्न प्रथम आपल्यापुढेच उभा राहतो. बहुधा ती एखादी प्रेमकथा असते. तीत चुंबन असते, कधी त्यापुढचेही काही असते आणि आपल्या कपाळावर आठी उमटते.

अशा वेळी आपला काळ आठवून पाहावा. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचणारे पुष्कळ होते. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर तर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. असे प्रसंग केवळ वाचल्याने किशोरवयीन मुले बिघडतात असे खात्रीने म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने त्या वेळी नमूद केले होते.

याचा अर्थ काळजीचे कारणच नाही, असा नव्हे. काळजी नेमकी कशाची करावी, एवढेच ठरवायचे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी जगभरातील मुलींनी वाचली. तिचा नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि तिला झोपलेली पाहत बसतो. त्याच मालिकेतील पुढच्या एका पुस्तकात, तिने दुसऱ्या मित्राला भेटू नये म्हणून तो तिची गाडीच बंद पाडून ठेवतो. वेल्समधील बेथ रीकल्स हिने किशोरवयातच लिहिलेल्या ‘द किसिंग बूथ’वर २०१८ मध्ये चित्रपट आला. त्यातील नायक इतर मुलांना दमदाटी करून नायिकेपासून दूर ठेवतो. अशा कथांत शारीरिक जवळीक फारशी नसेलही, पण मुलीवरचा पहारा हेच खरे प्रेम असे त्या सुचवतात. वाचणाऱ्या मुलीला वाटते, माझ्यावरही कोणी असाच हक्क गाजवावा. मुलालाही वाटते, मत्सर म्हणजे मर्दानगी. आपली आठी उमटायला हवी ती इथे.

मराठीतही याचा विचार करण्यासारखे पुस्तक आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ ची कादंबरी आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गात घडते. मुलग्याचे पहिलेवहिले प्रेम तीत फार हळुवारपणे उतरले आहे. मात्र सगळे त्याच्याच तोंडून कळते. त्या मुलीच्या मनात काय चालले होते, हे आपल्याला तिच्याकडून ऐकू येत नाही. नातवाने ती वाचली असेल तर त्याला सहज विचारावे, “हीच गोष्ट तिने सांगितली असती, तर काय सांगितली असती रे?” मुलीलाही स्वतःचे मन असते, हे त्याला यातून उपदेशाविना उमगेल.

वयस्करांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे एक पात्र मात्र अमेरिकी लेखिका ज्यूडी ब्लूम यांच्या ‘फॉरेव्हर’ या १९७५ च्या कादंबरीत आहे. तिच्या नायिकेचे पहिले प्रेम शारीरिक संबंधापर्यंत पोहोचते. या पुस्तकाला तेथील अनेक शाळा आणि ग्रंथालयांत विरोध झाला. त्या कथेत नायिकेला गर्भनिरोधनाची आणि गुप्तरोगांची माहितीपत्रके टपालाने पाठवणारी व्यक्ती आहे तिची आजी. ती रागावत नाही, की मोकळीकही देत नाही. नातीला माहिती देते आणि दार उघडे ठेवते.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची अथवा मुलाची संमती ग्राह्य नाही. दोघे एकमेकांच्या मर्जीने जवळ आले असले तरी गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ही गोष्ट नातवंडांना धाक घालण्यासाठी नव्हे, तर माहिती म्हणून शांतपणे सांगावी. शरीरातील बदल, पाळी, गर्भधारणा यांविषयी बोलणे आपल्याला जड जात असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात किशोरवयीनांसाठी काय सोय आहे याची चौकशी करावी. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठीच आहे.

बोलायला सुरुवात कशी करावी, हा प्रश्न उरतो. मुलीच्या आयुष्याविषयी थेट विचारले की ती मिटते; कथेतल्या मुलीविषयी विचारले की खुलते. “तो तिला न विचारता खोलीत आला, हे तुला आवडले का?”, “ती नाही म्हणाली, तेव्हा त्याने ऐकायला नको होते का?” असे एक-दोन प्रश्न पुरेत. उत्तर लगेच मिळेल असे नाही आणि मिळालेले आपल्याला पटेलच असेही नाही. तरी तिचे बोलणे मध्येच तोडू नये.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. उद्या एखादा मुलगा तिच्यावर दबाव आणेल, नको ती छायाचित्रे मागेल किंवा ओळखीचाच कोणी अंगचटीला येईल, तेव्हा ती कोणाकडे धाव घेईल? साध्या गोष्टीच्या पुस्तकावरून जिथे आकांडतांडव झाले, तिथे ती खासच येणार नाही. तशी वेळ आलीच तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर कोणत्याही वेळी विनामूल्य संपर्क साधता येतो. परंतु तो क्रमांक लावण्याचा धीर तिला बहुधा घरातल्याच एखाद्या माणसाकडून मिळतो. ते माणूस आपण असावे, यासाठी आज तिच्या हातातील कथेविषयी चार शब्द बोलावेत.